बॅलन्सिंग करूनही जुनी गाडी का थरथरते? चाक, डिस्क आणि हबची जोडी समजून घ्या

तीन वेळा व्हील बॅलन्सिंग केलं. तिन्ही वेळा मशिनच्या स्क्रीनवर शून्य-शून्य आलं. तरीही आमची जुनी मिनीबस ६५ च्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरायला लागायचं आणि मागच्या फळीवरची भांडी वाजायची.

ही मिनीबस आम्ही आत झोपायची सोय, गॅस आणि पाण्याची टाकी बसवून फिरतं घर म्हणून वापरतो. पुढचं एक चाक खड्ड्यात वाकलं म्हणून भंगारातून सेकंडहँड डिस्क घेतली होती. "भोकं जुळतात, साइज १६ आहे, बसवून टाका," असं ठरलं. ती बसलीही. पण एका संध्याकाळी मलठणहून कवठे येमाईला परत येताना टक-टक आवाज यायला लागला. उतरून बघितलं तर त्याच चाकाचे दोन नट हातानं फिरत होते. आत सहा माणसं होती, त्यातली दोन लहान मुलं झोपलेली. अजून वीस-तीस किलोमीटर तसेच गेलो असतो तर चाक निखळलं असतं.

चूक बॅलन्सिंगच्या मशिनची नव्हती. आम्हीच मशिनला चुकीचा प्रश्न विचारत होतो. तो कसा, ते या लेखात सांगतो. तुमच्याकडे जुनी जीप, टेम्पो, ट्रॅव्हलर किंवा कॅम्पर असेल, किंवा पुढे घ्यायची असेल, तर हे माहीत असलेलं बरं.

चाकांवरची घरं आपल्याकडे नवीन नाहीत

मोटरहोम म्हटलं की परदेशी व्हिडिओ आठवतात. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरणही अलीकडचं, २०२१ चं. पण आमच्या शिरूर-जुन्नर भागात गाडीतच महिनोन्महिने राहणारी माणसं कधीपासून आहेत. ती म्हणजे तमाशाच्या फडातली माणसं. आमचं कवठे येमाई हे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचं गाव. त्यांनी कितीतरी फडांसाठी वग आणि गाणी लिहिली आणि त्यांना राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. पलीकडे नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. यात्रांच्या हंगामात फड एका गावचा खेळ संपवतो, तंबू, स्टेज आणि पेट्या ट्रकात भरतो आणि रातोरात पुढच्या गावाला निघतो. कलावंतांची झोप, सामान, लहान पोरं, सगळं गाडीत.

अशा गाड्या बऱ्याचदा जुन्या असतात, भरपूर लोड घेऊन चालतात आणि डिस्क जिथे मिळेल तिथून घ्यावी लागते. हौसेनं बनवलेल्या जुन्या कॅम्परची परिस्थिती अगदी हीच. म्हणून जुने ड्रायव्हर निघण्याआधी प्रत्येक चाकाच्या नटावर पाना आपटून आवाज ऐकतात. घट्ट नट खणखणीत वाजतो, ढिला नट बद्द वाजतो. ही सवय अनुभवातून आलेली आहे.

आधी गोंधळ मिटवू: बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा आणि कल बरोबर करणं. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. ते बिघडलं की ठरावीक स्पीडला थरथर सुरू होते. पुढच्या चाकाचा दोष असेल तर बहुतेक वेळा स्टेअरिंग हलतं, मागच्या चाकाचा असेल तर सीट आणि बॉडी हलते.

बॅलन्सिंग दोन प्रकारचं असतं. चाकाचा एक भाग जड असेल आणि मोकळं सोडल्यावर तोच भाग खाली येऊन थांबत असेल, तर तो स्टॅटिक दोष. चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचं वजन एकमेकांशी जुळत नसेल, तर फिरताना चाक डावी-उजवीकडे झोल खातं, तो डायनॅमिक दोष. म्हणूनच मशिन आतल्या आणि बाहेरच्या कडेसाठी वेगवेगळे आकडे दाखवतं.

५० ग्रॅमनं काय होतं?

आमच्या गाडीचा टायर बाहेरून साधारण ८० सेंमी व्यासाचा आहे. एका फेऱ्यात गाडी अंदाजे २.५ मीटर पुढे जाते. ७२ च्या स्पीडला गाडी सेकंदाला २० मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला ८ फेरे मारतं.

आता समजा, डिस्कच्या कडेला, म्हणजे मध्यापासून २० सेंमीवर, ५० ग्रॅम वजन जास्त आहे. ७२ च्या स्पीडला ते ५० ग्रॅम चाकाला सुमारे २५ न्यूटननं बाहेर ओढतं. म्हणजे अडीच किलोची पिशवी एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला आठ वेळा झटका देतेय असं समजा. ३६ च्या स्पीडला हाच झटका जेमतेम ६०० ग्रॅमचा असतो. स्पीड दुप्पट झाला की झटका चौपट होतो. त्यामुळे गावातल्या रस्त्यावर काहीच कळत नाही आणि हायवेला लागलं की गाडी नाचते.

खरी गोम: चाकाचा मध्य कोण ठरवतं?

बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लोखंडी धाव. तुंब्याचं भोक जरा जरी बाजूला पडलं तरी धाव कितीही गोल असली तरी गाडी हेलकावे खाणारच. मोटारीचंही तसंच आहे. फक्त इथे मध्य दोन पद्धतींनी ठरतो.

१) हबवर बसणारी डिस्क. डिस्कचं मधलं भोक हबच्या गोल काठावर घट्ट बसतं. चाक मध्यात ठेवायचं काम हबचं, नटांचं काम फक्त दाबून धरणं. अशा चाकांना बहुतेक वेळा सपाट बुडाचे, वॉशरवाले नट असतात.

२) नटांवर बसणारी डिस्क. मधलं भोक मोठं असतं आणि हबला टेकतही नाही. नट निमुळते किंवा गोलसर बुडाचे असतात. ते डिस्कच्या भोकांतल्या तशाच खळग्यात बसतात आणि चाक मध्यात ओढून घेतात.

आता बॅलन्सिंगच्या दुकानात काय होतं ते बघा. तिथे चाक मशिनच्या दांड्यावर चढवतात आणि मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा तुकडा घालून आवळतात. म्हणजे मशिन चाकाला मधल्या भोकावरून मध्यात धरतं. गाडीवर मात्र ते चाक हबवरून किंवा नटांवरून मध्यात बसतं. दोन्ही मध्य एक असतील तर सगळं ठीक. नसतील तर मशिन शून्य दाखवेल आणि गाडी थरथरतच राहील.

आमचं नेमकं हेच झालं होतं. आमची गाडी हबवर चाक बसवणारी आणि नट सपाट बुडाचे. भंगारातल्या डिस्कचं मधलं भोक हबच्या काठापेक्षा १ मिमी मोठं निघालं. व्यासात १ मिमी फट म्हणजे चाक मध्यापासून अर्धा मिमी सरकू शकतं. ऐकायला काहीच वाटत नाही. पण टायर-डिस्क मिळून चाक ४० किलोचं धरा. ४० किलो अर्धा मिमी सरकणं म्हणजे डिस्कच्या कडेला तब्बल १०० ग्रॅम वजन लटकवल्यासारखं आहे. मशिनवर शंकू भोकाला बरोबर मध्यात धरायचा, त्यामुळे शून्य यायचं. गाडीवर चढवलं की चाक अर्धा मिमी सरकून बसायचं. तिन्ही वेळचे पैसे पाण्यात.

वर आणखी एक धोका. सपाट नट चाकाला मध्यात धरू शकत नाहीत. हबचा आधार नसेल तर चाक प्रत्येक फेऱ्यात किंचित सरकतं, स्टडवर आडवा ताण येतो आणि नट सैल होतात. म्हणजे आमची थरथर आणि ढिले नट हे दोन वेगळे आजार नव्हते.

डिस्क घेण्यापूर्वी जुळवायच्या सहा गोष्टी

भोकांची संख्या: हे सगळेच बघतात आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

पीसीडी: सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा व्यास. चार, सहा, आठ किंवा दहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. पाच भोकं असतील तर समोरासमोर जोडीच नसते. तेव्हा एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं, मध्य ते मध्य अंतर मोजा आणि १.०५१ नं गुणा. ११२ आणि ११४.३ मिमी असे दोन पीसीडी खूप चालतात. त्यांच्यात शेजारच्या दोन भोकांमधल्या अंतराचा फरक फक्त १.४ मिमी असतो. डोळ्यांना दिसत नाही, जोर लावला तर डिस्क बसतेही. पण स्टड कायम वाकलेल्या ताणात राहतात.

मधलं भोक: वर सांगितलंच. हबवर बसणारी गाडी असेल तर ते हबला अगदी नेमकं बसायला हवं. मोठ्या ट्रक-बसमध्ये १० स्टड, ३३५ मिमी पीसीडी आणि २८१ मिमी मधलं भोक हे जगभर चालणारं माप आहे. तिथे मध्य हा हबच सांभाळतो.

नटाचं बूड: सपाट, निमुळतं की गोलसर? निमुळता नट गोलसर खळग्यात बसवला तर तो फक्त एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सैल होतो.

ऑफसेट: डिस्कचा हबला टेकणारा भाग चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते. हे चुकलं तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर जास्त ताण पडतो, किंवा टायर आत कशाला तरी घासतो. मागे जोडचाकं असतील तर दोन टायरमधली फट कमी होते आणि लोड पडल्यावर टायर एकमेकांना घासतात.

लोड: डिस्कवर आणि टायरवर किती वजन चालेल ते बघा. फिरत्या घरात पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंग, गॅस धरून वजन बघता बघता वाढतं. १०० लिटर पाणी म्हणजेच १०० किलो.

"सेम मॉडेल आहे" यावर विश्वास ठेवू नका

फोल्क्सवॅगनची जुनी व्हॅन, जगातली सगळ्यात प्रसिद्ध व्हिंटेज कॅम्पर, हे याचं चांगलं उदाहरण. १९६०-७० च्या दशकात युरोपातून जमिनीच्या रस्त्यानं भारतात आलेले कित्येक प्रवासी अशाच व्हॅनमधून गोव्यापर्यंत पोचले. या व्हॅनला १९७० च्या मॉडेलपर्यंत पाच बोल्ट आणि २०५ मिमी पीसीडी होता. १९७१ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि पीसीडी ११२ झाला. बाहेरून गाडी तीच, चाकं मात्र एकमेकांना लागत नाहीत. शिवाय २०५ वाल्या चाकाचं मधलं भोक इतकं मोठं की नेहमीचा शंकू त्यातून आरपार जातो. त्याला बोल्टच्या भोकांवरून पकडणारी वेगळी प्लेट लागते. नटांवर बसणाऱ्या कुठल्याही चाकासाठी दुकानदाराकडे अशी प्लेट आहे का, हे आधी विचारा. नसेल तर दुसरं दुकान बघा.

आपल्याकडची जुनी विलीज जीपही अशीच फसवते. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे सोडताना उजवीकडे फिरवायचे. काही जुन्या ट्रकांनाही असंच असतं. माहीत नसलेला माणूस पाइप लावून जोर देतो आणि स्टड मोडतो. बऱ्याच वेळा स्टडच्या टोकावर एल हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं असतं. ते आधी शोधा.

मोबाइल इथे खरंच कामाला येतो

थरथर चाकाची की दुसऱ्या कशाची? फोनमधला ॲक्सेलरोमीटर हे सांगू शकतो. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे. त्यात ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम उघडा, फोन गाडीच्या फरशीवर टेपनं घट्ट चिकटवा आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकच स्पीड ठेवा. फोन शेजारच्यानं बघायचा, ड्रायव्हरनं नाही.

आता हिशोब. टायरचा घेर मीटरमध्ये मोजा आणि ३.६ नं गुणा. गाडीचा स्पीड त्या उत्तरानं भागला की चाक सेकंदाला किती फेरे मारतं ते कळतं. आमच्या २.५ मीटर घेराला ९ येतं. ७२ ला ८ फेरे, ५४ ला ६. आलेखात ७२ च्या स्पीडला ८ हर्ट्झला टोक दिसलं आणि ५४ ला तेच टोक ६ वर सरकलं, म्हणजे चोर चाकातच आहे. स्पीड तोच ठेवून गिअर बदलल्यावर टोक सरकलं तर इंजिनकडे बघा. चाकाच्या फेऱ्यांच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहून वर, डिफरन्शियलच्या रेशोइतक्या पटीत टोक असेल तर प्रॉपेलर शाफ्ट तपासून घ्या.

दुसरा उपयोग स्लो मोशनचा. पुढचं चाक जॅकवर उचला, गाडीखाली घोडी लावा आणि मागच्या चाकांना दगड लावा. टायरजवळ एक खिळा जमिनीवर स्थिर उभा करा, चाक हातानं फिरवा आणि खिळा आणि टायरमधली फट शूट करा. फट कमी-जास्त होत असेल तर चाक गोल फिरत नाहीये. मग खिळा डिस्कच्या कडेजवळ ठेवून पुन्हा बघा. डिस्कची फट सारखी आणि टायरची बदलती असेल तर दोष टायरचा. डिस्कचीही बदलत असेल तर डिस्क वाकलीय किंवा मध्यात बसलेली नाही.

एक गोष्ट मात्र फोननं करू नका. कॅमेऱ्यानं अंतर मोजणारी ॲप्स सेंटीमीटरभर चुकतात आणि इथे अर्धा मिमीचा प्रश्न आहे. मधलं भोक आणि हब मोजायला व्हर्नियरच लागतो.

टायरचं वयही बघून घ्या. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३५१९, म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. कॅम्पर फार चालत नाही, उभीच राहते. नक्षी नवी दिसते, पण रबर आतून म्हातारं झालेलं असतं आणि एका जागी चपटंही होतं. अशा टायरला कितीही वजनं लावा, थरथर जात नाही.

बसवायची बरोबर पद्धत

१) हबचा आणि डिस्कचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशनं साफ करा. गंज, माती, रंगाचा जाड थर काढा. रंगाचा थर नंतर दबतो आणि नट तेवढाच सैल होतो.

२) भोकं लंबगोल झालेली किंवा कडेला चीर गेलेली डिस्क परत भंगारात द्या. वेल्डिंग करून किंवा भोकं वाढवून घेऊ नका.

३) सगळे नट आधी हातानं लावा, मग समोरासमोर, थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळून पुढे जाऊ नका.

४) शेवटची आवळणी टॉर्क पान्यानं, चाक जमिनीला टेकवून. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. साध्या कारला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, मोठ्या ट्रकला ६०० च्या आसपास. दोन्हीला एकच अंदाज चालत नाही.

५) ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. हे टाळू नका.

६) नट आणि डिस्कवर मिळून ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनही कळतं.

जुन्या ट्रकांच्या ट्यूबवाल्या चाकांना लॉक रिंग असते. ती स्वतः उघडू नका. हवा भरलेली असताना रिंग उडाली तर जीव जातो. ते काम पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच.

आणि साध्या गाडीचं फिरतं घर करायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मोठा बदल करताना आरटीओची परवानगी लागते. ते आधी बघा, खर्च नंतर.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं?

बरोबर मधल्या भोकाची डिस्क शोधायला पंधरा दिवस लागले. त्या चाकाचे सगळे स्टड बदलले, कारण एकदा ताण खाल्लेल्या स्टडवर भरवसा नाही. हब घासून साफ केला आणि मग चौथ्यांदा बॅलन्सिंग केलं. त्याच रस्त्यावर ७२ च्या स्पीडला ८ हर्ट्झचं ते टोक शोधावं लागत होतं, इतकं बारीक झालं होतं. भांडी वाजायची थांबली.

आता निघण्याआधी मी रेघा बघतो आणि प्रत्येक नटावर पाना आपटून आवाजही ऐकतो. दोन मिनिटं लागतात. तुम्ही सेकंडहँड डिस्क घ्यायला जाल तेव्हा आपल्या हबचं माप कागदावर लिहून न्या आणि खिशात व्हर्नियर ठेवा. दुकानदार "बसेल हो" म्हणाला तरी स्वतः मोजूनच घ्या.